कुठं म्हणून विचारायचं नाही

"हे वाक्य आमच्याकडं नको, बाई," नमिता म्हणाली आणि तिनं पुस्तिका माझ्यापुढं सरकवली.

पहिल्या धड्याचं पहिलंच वाक्य होतं ते. व्हेअर आर यू गोइंग. चित्रात एक मुलगी पिशवी घेऊन निघालेली, दुसरी तिला विचारतेय, कुठं चाललीस? खाली उत्तर, बाजारात. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या मला त्यात नको म्हणण्यासारखं काही दिसेना.

"तुमच्या बेटावर बाजार नाही म्हणून का? मग दुसरं काही घालू."

"बाजाराचं नाय हो. ते विचारणंच नको. दर्यावर निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारायचं नसतं. विचारलं की तो मागं फिरतो, घरात येऊन बसतो, पाणी पितो आणि मग परत निघतो. तोवर ओहोटी लागली तर दिवस फुकट. आणि नाय फिरला मागं, तर घरच्यांचा जीव दिवसभर टांगणीला."

ही रीत मला नवी नव्हती. आमच्या सासूबाईंचंही तेच. बाहेर पडणाऱ्याला कुठं विचारायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर 'लांब का?' एवढंच. आणि जाणाऱ्यानंही 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. लग्न होऊन आल्या आल्या मला हे चांगलं सुनावलं गेलं होतं आणि पुढं अंगवळणीच पडलं.

"मग बदलू," मी म्हटलं. मला काय, त्या दिवसांत कुणी ती पुस्तिका समुद्रात टाका म्हटलं असतं तरी मी टाकली असती.

नमिता चित्राकडं बघत बसली. मग तिनं पुस्तिका परत ओढून घेतली.

"नको. साहेब तपासायला येतील ते यातलंच विचारणार. पहिल्याच धड्याला पोरं गप्प बसली तर झालंच मग. राहू दे. इंग्रजीत हाय ना. कुणाला कळतंय इथं."

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. आडबेट म्हणजे कोकण किनाऱ्यापासून लाँचनं तासाभरावरचं, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जाईल एवढंसं बेट. माणसं मासेमारीवर जगणारी. किनाऱ्याला ती पल्याड म्हणायची. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. त्यातले गुरुजी बदलीची वाट बघत बहुतेक पल्याडच असायचे, त्यामुळं शाळा म्हणजे नमिता चोगले. बेटाचीच लेक आणि बेटाचीच सून. एक संस्था अशा बेटांवरच्या शिक्षकांना इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवायला स्वयंसेवक पाठवत होती. मी त्यातली एक.

मी तिथं कशी पोचले, तर माझ्या धाकट्या बहिणीनं परस्पर माझं नाव दिलं म्हणून. तिला वाटलं समुद्राच्या हवेनं मी सुधारेन. जशी काही मी खोकल्याची पेशंट. आमचे हे त्या वर्षी उन्हाळ्यात गेले. स्कूटरवर होते, ट्रकनं उडवलं. मला रडू आलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, नंतरही नाही. लोक आधी कौतुकानं म्हणाले, किती खंबीर आहे हो. मग हळूहळू घाबरायला लागले. मला त्यांचं कौतुकही ऐकू येत होतं आणि भीतीही दिसत होती, पण सगळं भिंतीपलीकडच्या रेडिओसारखं. कुणी ऊठ म्हटलं की उठायचं, जेव म्हटलं की जेवायचं. बेटावर जा म्हटलं, गेले.

संस्थेचा अद्वैत म्हणून दाढीवाला मुलगा होता पुण्याचा. त्यानं आम्हा सगळ्यांना एकेका बेटावर सोडलं आणि जाताना दोन नियम बजावले. पहिला, वर्गात मराठीतून अर्थ सांगायचा नाही. हावभाव करा, चित्रं दाखवा, पण अर्थ सांगू नका, मुलं आपोआप भाषेत शिरतात. दुसरा, दिवसाचं वाक्य रोज शाळेबाहेरच्या पाच माणसांना म्हणून दाखवायचं. "भाषा वर्गाबाहेर पडली पाहिजे, विभाताई," असं तो म्हणाला. चांगला मुलगा होता. त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही की आडबेटावर सकाळच्या वेळी पाच माणसं एकत्र भेटायची एकच जागा असते, होड्या लावायचा धक्का.

माझी राहायची सोय नमिताच्याच घरी होती. ती, तिचा नवरा, जो पल्याड बर्फाच्या कारखान्यात कामाला होता आणि शनिवारी यायचा, थोरले दीर धर्मा आणि जाऊ चांगुणा. चुलीवरचं राज्य चांगुणाचं. होडीचे मालक ते नाखवा; धर्मा त्यांच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून. मला तो माडम म्हणायचा.

"माडम, तुमच्या इंग्रजीला मीठ लावून वाळवा," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "इथल्या हवेत ओलं काय टिकत नाय."

"गप जेवा," चांगुणा म्हणाली. "पाहुण्या हायत त्या."

मी मासे खात नाही म्हणून चांगुणा माझ्यासाठी वेगळी आमटी करायची. एक दिवस जेवून ताट धुवायला गेले तर तिनं माझा हात धरला.

"मी आमटीत मीठ घालायला विसरले. आत्ता चाखली तेव्हा कळलं. तुम्ही सगळी जेवलात?"

"बरी होती की."

ती माझ्याकडं बघत राहिली. "घरातलं कोण गेलं तुमचं?"

"हे."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

त्या दिवसापासून आमटी वाढल्यावर ती समोर बसायची आणि विचारायची, "आज कशी?" मी म्हणायची, बरी. ती मान हलवून उठायची. तिला ठाऊक होतं की मी थापा मारतेय.

नमिता शिकायला हुशार. तिचे उच्चार बेटाचे होते, पण भीड नव्हती, आणि हे काम भीड नसणाऱ्यांचं. दुपारी शाळा सुटली की आम्ही दोघी रिकाम्या वर्गात बसायचो. मी विद्यार्थी व्हायची, ती शिक्षिका. एकदा मी सहज म्हटलं, एवढं जीव तोडून कशाला करतेस गं?

"पोरं कमी झाली की शाळा बंद करणार, बाई. सरळ सांगून गेलेत साहेब. आणि पोरं कमी का होतायत, तर पल्याड इंग्रजी शाळा निघालीय. इथं इंग्रजी हाय म्हटलं तर आईबाप थांबतील." मग म्हणाली, "मी लहान होते तेव्हा इथं शाळाच नव्हती. सहा वर्षांची होते, मला मामीकडं पल्याड ठेवलं. दिवाळीला यायची. आईला पहिल्यांदा भेटले की दोन दिवस मी तिच्याशी बोलायचीच नाय, लाजायची. मग जरा ओळख पडायची, तर परत लाँच. माझ्या शाळेतल्या एका पण पोराला मी असं जाऊ देणार नाय."

एवढं बोलून ती उठली आणि फळा पुसायला लागली. हे सगळं ऐकून दुसरं कुणीही उठून तिच्याजवळ गेलं असतं. मला ते समजलं. समजणं तेवढं चालू होतं माझं.

पहिला धडा सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाट फटफटायच्या सुमाराला शाळेतली सगळी चिल्लीपिल्ली धक्क्यावर. होडीत डिझेल, बर्फ, जाळी चढत होती. पोरं एका सुरात ओरडली, "व्हेअर आर यू गोइंग?"

खलाशी हसायला लागले. अर्थ कुणाला ठाऊक नाही. पोरांनाही नाही, नियमच होता तसा. कुणी निघालं की असं म्हणायचं, एवढंच पोरांना कळलं होतं. पोरांनीच मग उत्तर पाठ करून घेतलं. धर्माला ते फारच आवडलं. तो होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकावर उभा राहून, छातीवर हात ठेवून म्हणायचा, "आय अ‍ॅम गोइंग टू सी!" आणि पोरं टाळ्या पिटायची. संध्याकाळी घरी येऊन ताटावर बसतानाही तेच म्हणायचा.

"आय अ‍ॅम गोइंग टू सी, चांगुणा. भात वाढ."

"भलतंच काय तरी बरळू नका," ती म्हणायची, पण हसायची.

नमिता मात्र सकाळी धक्क्यावर माझ्या शेजारी उभी असायची आणि पोरं ओरडली की पदराचं टोक मुठीत घट्ट धरायची. होड्या लांब गेल्या की जाखमातेच्या देवळात जाऊन खडीसाखर ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी तिला हटकलं.

"एवढं आहे तर बंद कर की ते."

"आता कसं करणार? सगळं गाव खूश हाय. काल नाखवा म्हणाले, पोरं इंग्रजी बोलायला लागली, आता माझा नातू पल्याड कशाला धाडू." तिनं देवळाकडं बघितलं. "देवीला सांगितलंय मी. विचारणाऱ्यांना ठाऊक नाय, ऐकणाऱ्यांना ठाऊक नाय. मला एकटीला ठाऊक हाय. लागायचं ते मला लागू दे."

पुढचे धडे झाले. रंग झाले, आकडे झाले, घरातली माणसं झाली. पण धक्क्यावर पोरांनी पहिलंच वाक्य धरून ठेवलं. नवी वाक्यं निघायच्या वेळेला कामाची नव्हती.

डिसेंबरात एका दुपारी वारा फिरला. सकाळी आभाळ लख्ख होतं. पोरांनी विचारलं, धर्मानं छातीवर हात ठेवून उत्तर दिलं, सगळं रोजच्यासारखं. दुपारी चुलीचा धूर उलट घरात यायला लागला तशी चांगुणा बाहेर गेली आणि समुद्राकडं तोंड करून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत बाकीच्या होड्या एकेक करून आल्या. धर्माची आली नाही.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या ट्रॉलरनं दोघा खलाशांना आणून सोडलं. डिझेलचे रिकामे कॅन धरून तरंगत होते. त्यांनी सांगितलं, इंजिन बंद पडलं, धर्मा ते बघायला खाली उतरला आणि त्याच वेळी लाट आडवी आली. होडी उलटली. दोघे वर आले. तो आला नाही.

शोधायला गेलेल्या होड्या हात हलवत परत आल्या. बायका धक्क्यावर बसून होत्या, घरोघरच्या चुली थंड. मी चहा करून नेत होते. ज्यांना हवा त्यांनी घेतला, बाकीचा मी परत नेऊन ओतला. मला काही झालं नाही. मी मुद्दाम स्वतःला चाचपून बघितलं, भूल दिल्यावर जीभ दाताखाली धरून बघतात तसं. काही नाही.

चांगुणा रडत नव्हती. माणूस हाती लागल्याशिवाय तिथं रडायचं नसतं, बांगड्या उतरवायच्या नसतात. ती नुसती बसली होती.

मग बर्फवाला आला. पल्याडहून लाँचवर बर्फाच्या लाद्या घेऊन येणारा माणूस. सगळं ऐकून हळहळला, आणि जाता जाता नाखव्यांना म्हणाला, "पण तुमची पोरं सकाळी सकाळी निघालेल्या माणसाला कुठं चाललात म्हणून विचारतात, हे काय? आमच्याकडं नाय बाबा चालायचं असलं."

"कोण विचारतं?"

"ते इंग्रजीत ओरडतात ते. माझी मुलगी हायस्कुलात हाय, तिच्या पुस्तकात तेच हाय."

लाँच सुटायच्या आत ते बेटभर झालं.

सकाळी शाळेची घंटा झाली आणि एकही पोर आलं नाही. नमिता शाळेच्या पायरीवर बसली होती, घंटेची दोरी अजून हातात. धक्क्यावरून जाणारी एक बाई थांबून तिला म्हणाली, "सोमवारच्या लाँचला माझ्या दोघांना पल्याड नेते. तुझ्याकडं नको." आणि पुढं गेली. नमितानं मान वर केली नाही.

"मला लागायचं होतं ते," ती मला म्हणाली. "देवीला तसं सांगितलं होतं मी. भावजींना कशाला."

दुपारी जाखमातेच्या देवळापुढं सगळे जमले. नाखवा पायरीवर बसले होते. धर्मा ज्या होडीवर होता ती त्यांचीच. म्हातारा माणूस, आवाज चढवायची सवय नाही.

"पोरांना इंग्रजी नको असं आमचं म्हणणं नाय," ते म्हणाले. "पण आमच्या माणसांना विचारलं काय ते आम्हाला कळू दे. नमिता, तू आपली हाईस. तू सांग."

नमिता उभी राहिली. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटायच्या आधीच बायकांतून चांगुणा उठून पुढं आली. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"मी विचारते. मला हक्क हाय," ती म्हणाली. "पोरं ह्यांना काय म्हणत होती?"

नमिता तिच्याकडं बघत राहिली. एका घरात, एका चुलीवर जेवणाऱ्या दोघी. खरं सांगितलं असतं तर शाळा गेलीच होती, पण मला नाही वाटत त्या वेळी तिच्या मनात शाळा होती.

"सुखरूप या," ती म्हणाली. "सुखरूप या असं म्हणत होती पोरं, वहिनी."

मागून एक जण म्हणाला, बर्फवाला तर वेगळंच सांगत होता.

"त्याला काय ठाऊक? बर्फ विकतो तो."

चांगुणानं तिच्याकडं एकदा नीट बघितलं, आणि मग ती माझ्याकडं वळली.

"तुम्ही सांगा, बाई. ही माझी जाऊ हाय. मला बरं वाटावं म्हणून ती काय पण सांगेल. तुम्ही परक्या. तुम्हाला खोटं बोलायचं कारण नाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नमिता सोडून सगळे. ती जमिनीकडं बघत होती.

आणि मला आमच्या घराचा दरवाजा दिसला. मे महिन्यातली सकाळ, मी ओट्याशी कैरीच्या फोडी करत होते. हे चप्पल घालता घालता म्हणाले, "येतो गं." मी मान वळवली नाही. हं म्हटलं. कुठं, असं विचारलं नाही. लग्न झाल्यापासून कधीच विचारलं नव्हतं, सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली तरी. नंतर ठाण्यातला हवालदार मला विचारत होता, कुठं चालले होते हे? हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं. यांच्या भावानं विचारलं, त्या रस्त्याला वहिनी, आपलं कुणीच नाही, तिकडं कुठं चालले होते? मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. औषध आणायला, कुणाला भेटायला, नुसतंच फिरायला. माझा माणूस शेवटचा कुठं निघाला होता ते मला ठाऊक नाही. वाट बघायची तर कुठल्या दिशेला तोंड करून बघायची, एवढंसुद्धा.

"हो," मी म्हटलं. "नमिता म्हणते तसंच आहे. सुखरूप या."

"खरं?"

"आपल्या माणसालाच म्हणतात ते. ज्याची वाट बघायची असते त्याला."

मी खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलं नाही. आताही वाटत नाही.

नाखव्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बायकांत कुणीतरी नाक ओढलं. चांगुणा तशीच उभी.

"मग मला का नाय शिकवलंत?" ती म्हणाली.

आणि मी काही म्हणायच्या आत तीच पुढं बोलायला लागली.

"त्या दिवशी मी भांडले होते त्यांच्याशी. डब्याला भाजी काय दिली यावरनं. ते निघाले तर मी पाठ करून बसले, एक शब्द बोलले नाय. पोरांनी तरी म्हटलं, बरं झालं." ती माझ्याजवळ आली. "मला शिकवा. आत्ता."

धक्का देवळापासून हाकेच्या अंतरावर. ती पुढं, मी तिच्यामागं, आणि मागं सगळं गाव. धक्क्याच्या टोकाला, जिथं धर्माची होडी लागायची ती जागा रिकामी होती. तिथं उभं राहून मी एकेक शब्द सांगितला. व्हेअर. तिनं म्हटलं, व्हेर. आर. यू. गोइंग. तिची जीभ अडखळली की मी परत सांगायची. इतकी वर्षं शिकवत होते मी, पण एवढं मन लावून कुणी माझ्याकडून कधी काही शिकलं नव्हतं.

"आता येतंय," ती म्हणाली आणि समुद्राकडं वळली. पदर डोक्यावर घेतला.

"व्हेर आर यू गोइंग?" तिनं विचारलं.

वारा नव्हता. पाणी गप्प होतं. पोरांनी पाठ करून घेतलेलं उत्तर येईल अशी ती थोडा वेळ थांबली, आणि मग तिनं परत विचारलं, जरा मोठ्यानं. व्हेर आर यू गोइंग? धक्क्यावर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांत ती काय विचारतेय हे नमिताला आणि मला, आम्हा दोघींनाच कळत होतं. तिला स्वतःला कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं. मी दगडावरच बसले आणि माझ्या तोंडून आवाज फुटला. मला वाटलं कुणी दुसरंच ओरडतंय. मे महिन्यापासूनचं सगळं एकदम वर आलं. लोकांना वाटलं बाई धर्मासाठी रडतेय. रडत असेनही. चांगुणा मागं फिरली, माझ्याशेजारी बसली आणि तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. ज्या बाईला रडायची मुभा नव्हती ती मला थोपटत होती.

"रडा," ती म्हणाली. "किती दिवस बिनमिठाचं जेवणार."

दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत आली. सोमवारची लाँच रिकामी गेली. नमितानं घंटा वाजवली, हजेरी घेतली, आणि त्या दिवशी तिनं फक्त गाणी म्हणून घेतली. आम्ही दोघी त्या दुपारबद्दल कधी बोललो नाही. धर्मा सापडला नाही. ठरलेले दिवस भरल्यावर चांगुणानं बांगड्या उतरवल्या.

माझी मुदत संपली तेव्हा निघायच्या दिवशी चांगुणानं नेहमीसारखी आमटी वाढली आणि समोर बसली.

"आज कशी?"

"खारट झालीय."

तिनं बोट बुडवून चाखली. "झालीय खरी," ती म्हणाली आणि समाधानानं उठली.

धक्क्यावर सगळे आले होते. लाँच सुटली तशी पोरं, बायका, नाखवासुद्धा, सगळे एका सुरात ओरडले, "व्हेअर आर यू गोइंग?" हे गेल्यापासून मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चल म्हणणारे होते, नेतो म्हणणारे होते. कुठं जातेस, असं कुणी विचारलं नव्हतं. पोरं उत्तराची वाट बघत होती. मी हात वर करून सांगितलं, घरी.

नमिता मागच्या महिन्यात रिटायर झाली. फोन आला होता तिचा. शाळा चालू आहे, सातवीपर्यंत झाली. नवे साहेब आले होते म्हणे पहाटेच्या लाँचनं. धक्क्यावर म्हाताऱ्या बायका होडीवाल्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणतायत हे ऐकून ते थक्कच झाले. यांना हे कुणी शिकवलं, म्हणून त्यांनी नमिताला विचारलं.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमची जुनी रीत हाय, साहेब."

मी हसले. तीही हसली. मग मी चांगुणाचं विचारलं. आता थकलीय, म्हणाली नमिता, काठी घेऊन येते, पण धक्का चुकवत नाही. प्रत्येक होडीला म्हणते. आणि सगळ्या होड्या लांब गेल्या, बायका घराकडं वळल्या, की एकटी थांबून आणखी एकदा म्हणते. ते कुणाला, हे तिला कुणी विचारत नाही.